ॲनिमेशनच्या मॉडेलिंगमधून कॅडकडे : बेअरिंग काही बसेना!

लूपकट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली आठ वर्षं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर ॲनिमेशनसाठी प्रॉप्स बनवतोय. कंदील, तोफा, मोडक्या सायकली. एकदा तर घड्याळाचं अख्खं यंत्र केलं होतं, आतली चाकं फिरणारी. (दात एकमेकांत सरळ घुसत होते, पण कॅमेरा तिथवर जाणार नव्हता, त्यामुळे खपून गेलं.) थोडक्यात, मॉडेलिंग येतं असा माझा समज होता.

मध्यंतरी थ्रीडी प्रिंटर हाती आला आणि स्वतःसाठी एक फिरती तबकडी करायचं मनात आलं. वर वस्तू ठेवायची, तबकडी हळूहळू फिरवायची, फोटो काढायचे. खाली ६०८ नंबरचं बेअरिंग, स्केटच्या चाकात असतं ते. आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२, जाडी ७. म्हटलं, यात काय आहे? २२ मिमीचा सिलिंडर घेतला, बुलियन मारलं (एका आकारातून दुसरा वजा केला), खड्डा तयार.

पहिल्या खेपेला प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल दिसेचना. शेवटी सापडलं, तिळाहून बारीक. हजारपट मोठं केलं तेव्हा कुठे माणसात आलं. प्रिंट काढली आणि बेअरिंग बसेना. कानशीने घासलं, मग हलक्या हाताने ठोकलं, मग जरा कमी हलक्या हाताने. भिंत तडकली.

जो तो म्हणतोय, कॅड (मापं देऊन वस्तू डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) शीक. उघडून बघितलं. दहा मिनिटांत डाव्या हाताने सही करायला लावल्यासारखं झालं. व्हर्टेक्स (आकाराचा कोपऱ्याचा ठिपका) पकडून ओढताच येत नाही हो! आधी चौकोन काढा, मग त्याची मापं सांगा, मग तो कुठे आहे तेही सांगा. समोर दिसतोय की!

तर विचारायचं असं, की कुठल्या सॉफ्टवेअरने सुरुवात करू? आठ वर्षांतलं काय उपयोगी पडेल आणि काय विसरावं लागेल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळखोर

कमी हलका हात :D :D
वाचतोय.

मोजपट्टी

सिलिंडरला व्हर्टेक्स किती ठेवले होते?

लूपकट

आपोआप येतात तेवढेच. ३२.

मोजपट्टी

मग बेअरिंग बसणार नव्हतंच. तुम्ही गोल खड्डा केलेला नाही, बत्तीस बाजूंचा केलाय. त्याचे कोपरे २२ मिमीच्या वर्तुळावर आहेत, बाजू मात्र आत आल्यात. समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर काढा: २२ गुणिले कोसाइन ५.६२५ अंश, म्हणजे २१.८९४. एक दशांश मिलिमीटरपेक्षा जास्तच तुटवडा. प्रिंटरमध्ये भोकं थोडी आवळून येतात, ते आणखी वेगळं.

आता आमच्या इंजिनिअरिंगमधली पद्धत बघा. ड्रॉइंगवर २२ एच७ लिहिलं की भोक २२.००० ते २२.०२१ च्या मध्ये हवं. एकूण मुभा एकवीस मायक्रॉनची. तुमची चूक तिच्या पाचपट. स्मूथ शेडिंग (पृष्ठभाग गुळगुळीत दाखवणारी छटा) लावल्यावर ती डोळ्यांना दिसत नाही, पण बेअरिंगला शेडिंग कळत नाही.

तिळाचं कोडं सोपं आहे. ब्लेंडरचं मूळ एकक मीटर. प्रिंटरला देतात त्या एसटीएल फाइलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं, नुसते आकडे असतात. प्रिंटरचं सॉफ्टवेअर त्यांना मिलिमीटर धरतं. तुमचं ०.०६ मीटर तिकडे ०.०६ मिलिमीटर झालं.

टवाळखोर

"बेअरिंगला शेडिंग कळत नाही" हे माझ्या टेबलासमोर चिकटवतोय.

बुलियनबाबा

मोजपट्टीताई, गणित मान्य. पण मग ३२ च्या जागी २५६ टाका की! चूक दोन मायक्रॉनच्या आत येते, प्रिंटरला त्याचं सुतक नाही. एका खड्ड्यासाठी माणसाला नवं सॉफ्टवेअर कशाला शिकायला लावायचं? मी गेली कित्येक वर्षं प्रिंटचे सुटे भाग ब्लेंडरमध्येच करतोय. एकक मिलिमीटर ठेवतो, स्केल अप्लाय करतो, मॉडिफायर (मागाहून बदलता येणाऱ्या पायऱ्या) उघडे ठेवतो. एकदाही अडलं नाही. शिवाय कॅड स्केचर नावाचं ॲडऑन आहे, त्यात मापं आणि कन्स्ट्रेंटही (रेघांवर घालायची बंधनं) मिळतात.

मोजपट्टी

या एका खड्ड्यापुरतं तुमचं बरोबर आहे बाबा. २५६ केलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

पण उद्या त्यांना ६०८ च्या जागी दुसरं बेअरिंग घालावंसं वाटलं तर? मेशला (ब्लेंडरमधल्या ठिपक्यांच्या जाळीला) हे भोक आहे हेच ठाऊक नसतं. तिच्या लेखी नुसते ठिपके आणि त्यांना जोडणारे चौकोन. ते भोक आहे, बेअरिंगसाठी आहे, भोवतीची भिंत ३ मिमी ठेवायची आहे, हे सगळं तुमच्या डोक्यात. सहा महिन्यांनी डोकं विसरतं. कॅडमध्ये भोक म्हणजे एक अक्ष आणि एक त्रिज्या. व्यास विचारला तर मॉडेल उत्तर देतं. भिंत "भोकाच्या व्यासात ६ मिळवा" अशी लिहून ठेवली की भोक वाढल्यावर भिंत आपसूक बाहेर सरकते. ॲनिमेशनमध्ये तुम्ही वस्तू कशी दिसते ते साठवता. इथे ती तशी का आहे ते साठवायचं असतं.

बुलियनबाबा

हे पटलं. तरी मी २५६ वरच राहणार. :)

सुतारपक्षी

लूपकट, मी याच वाटेने आलोय. माया या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पात्रांचे सांगाडे बांधायचो, आता यंत्रांचे सुटे भाग डिझाइन करतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. गोड मानून घ्या.

सॉफ्टवेअर कुठलं, यावर रात्र जागवू नका. फ्रीकॅड पूर्ण मुक्त आहे. फ्यूजनची वैयक्तिक वापरासाठी फुकट आवृत्ती मिळते, पण एका वेळी किती फायली संपादित करता येतील यावर मर्यादा आहे. ऑनशेप ब्राउझरमध्येच चालतं, मात्र फुकट खात्यातल्या फायली जगजाहीर असतात. नोकरीसाठी शिकत असाल तर तिथे जे वापरतात ते शिका, बऱ्याच ठिकाणी सॉलिडवर्क्स दिसेल. एकात हात बसला की दुसऱ्यात जायला आठवडा-दोन आठवडे लागतात, कारण मुळातली रीत सगळीकडे तीच: सपाट स्केच, त्याला मापं, मग त्याला जाडी. ही रीत रूढ केली १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या प्रो-इंजिनिअरने. १९९५ साली सॉलिडवर्क्स आलं आणि ती साध्या विंडोजच्या संगणकावर पोचली.

आता तुमचा खरा अडथळा. "समोर दिसतोय की!" असं तुम्ही लिहिलंय. मीही शब्दशः हेच म्हणालो होतो. आपल्याला डोळ्याने ठरवायची सवय. कंदिलाची मान जरा जाड वाटली की स्केल करून बारीक करायची, किती ते बघायचंही नाही. कॅडमध्ये पहिला महिना हाच हात आवरावा लागतो.

एक स्केच काढून बघा. सॉलिडवर्क्समध्ये आयत काढला की रेघा निळ्या दिसतील. निळी म्हणजे अजून मोकळी, ओढली तर येईल. खरंच ओढा. रुंदी ६० लिहा, मग ओढा. आता ती रुंदी सोडत नाही, पण आख्खा आयत बर्फावरून घसरल्यासारखा इकडेतिकडे जातो. उंची द्या. तरी घसरतोच. मग त्याचा मध्य मूळबिंदूला बांधा. सगळ्या रेघा काळ्या. आता कितीही ओढा, हलायचं नाव नाही. (फ्रीकॅडमध्ये हे झालं की स्केच हिरवं होतं.) हे ओढून बघणं मी अजूनही करतो. काय सुटलंय ते वाचून कळत नाही, ओढल्यावर पाच सेकंदांत कळतं.

उपयोगी काय पडेल? मॉडिफायर स्टॅक. कॅडमधली फीचर ट्री (केलेल्या पायऱ्यांची यादी) म्हणजे तुमचा मॉडिफायर स्टॅकच, फक्त आरशापासून बेव्हलपर्यंत प्रत्येक गोष्ट त्यातच जाते आणि तो "अप्लाय" करून मोकळं व्हायचं नसतं. वस्तू डोळ्यांसमोर फिरवून बघायची सवयही उपयोगी पडते. ती नवख्या इंजिनिअरला कमवावी लागते, तुमच्याकडे आयती आहे.

विसरायचं काय? एज लूप, म्हणजे मेशभर फिरणारी कडांची साखळी. तिच्यासाठी आठ वर्षं चौकोनी फेस (पृष्ठभागाचे तुकडे) जपलेत ना? कॅडमध्ये सहा भोकं पाडलेला पृष्ठभाग हा एकच फेस असतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. मला दोन रात्री झोप आली नव्हती.

निळी रेघ

वाखूसा! (वाचनखूण साठवली.)

सुतारपक्षी, माझं नाव त्या स्केचवरूनच घेतलंय हे तुम्ही ओळखलं असेलच. माझं एकही स्केच पूर्ण काळं होत नाही, कुठेतरी एक उरतेच.

अक्षांश

जरा अवांतर, पण राहवत नाही. ॲनिमेशन आणि कॅड, दोन्ही घराण्यांचा मूळपुरुष एकच आहे. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँडने एमआयटीत स्केचपॅड केलं. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा काढायच्या आणि "या दोन समांतर", "या दोन काटकोनात" असं सांगायचं. ते सांगितलं की संगणक चित्र तसं ओढून घ्यायचा. आज तुम्ही ज्यांना वैतागलाय ते कन्स्ट्रेंट तेव्हापासूनचे.

पुढे सदरलँड यूटा विद्यापीठात शिकवत असताना त्याच्या विद्यार्थ्यांत एड कॅटमल होता, नंतर पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झालेला. तुम्ही रोज वापरता ते सबडिव्हिजन सरफेस (मेश गुळगुळीत करायची सोय) म्हणजे कॅटमल आणि जिम क्लार्क यांची १९७८ ची युक्ती. तो निबंध छापून आला त्या नियतकालिकाचं नाव "कॉम्प्युटर-एडेड डिझाइन". म्हणजे लूपकट, तुम्ही आठ वर्षं कॅडच्याच नियतकालिकातलं वापरत होता.

टवाळखोर

म्हणजे सासर-माहेर एकाच वाड्यात.

लूपकट

सगळ्यांचे मनापासून आभार. अक्षांश, ही माहिती भारीच.

दोन आठवडे घासतोय, त्याचा हा हिशोब. स्केच जमलं. ओढून बघायची युक्ती तर एक नंबर. बेअरिंग बसवायचा पहिला भाग उभा राहिला तेव्हा इतका खूश झालो की लगेच सगळ्या कडा गोल करून टाकल्या, बेव्हलची जुनी खोड. मग त्या गोल कडांच्या आधाराने स्क्रूचे खांब उभे केले. झकास दिसत होतं.

मग उंची १८ ची २२ केली. निम्मी फीचर ट्री लाल, म्हणजे चुकाच चुका! एक खांब हवेत, एक तळाच्या आत. गोलाई भलत्याच कडेला जाऊन बसली. मेशमध्ये असं कधी झालं नाही हो. तिथे जे केलं ते केलेलं राहतं.

सुतारपक्षी

अभिनंदन! हे लाल झाड ज्याने पाहिलं नाही तो कॅड शिकलेला नाही.

झालं काय ते इस्कटून सांगतो. तुम्ही कडेवर टिचकी मारता तेव्हा तुमच्या लेखी ती "समोरची वरची कड" असते. सॉफ्टवेअर आतल्या आत तिला काहीतरी नाव देतं, समजा "कड १४". उंची बदलली की मॉडेल पहिल्यापासून पुन्हा बांधलं जातं. त्यात एखादी कड नव्याने जन्माला आली किंवा नाहीशी झाली की क्रमांक सरकतात आणि "कड १४" ही मागची खालची कड निघते. गोलाई इमानेइतबारे तिकडे जाते. याला टोपॉलॉजिकल नेमिंगचा प्रश्न म्हणतात. फ्रीकॅडमध्ये तो फार छळायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आवृत्ती १.० आली तेव्हापासून बराच आटोक्यात आहे. पण पुसला कुठेच गेलेला नाही, महागड्या सॉफ्टवेअरमध्येही नाही.

उपाय कंटाळवाणा आहे आणि एकच आहे: टिकाऊ गोष्टींना धरून बांधा. मूळ प्रतलं, मूळबिंदू, पहिलं स्केच हे हलत नाहीत. खांबांच्या जागा त्या स्केचमध्येच मध्यापासून मोजून द्या. गोलाई सर्वांत शेवटी, आणि तिच्यावर दुसरं काहीही उभं करू नका. आणि हो, फीचरना नावं द्या. "एक्स्ट्रूड ७" काय आहे हे महिनाभराने तुम्हालाच कळणार नाही.

ॲनिमेशनमध्ये तुम्ही पात्राला हाडं बांधली असतील तर हे ओळखीचं वाटेल. बोटाचं हाड मनगटाला बांधायचं की बाहीला? बाहीला बांधलं तर बाही बदलल्यावर हात गेला.

निळी रेघ

हाडांवरून विचारते. असेंब्लीत (सुटे भाग जोडताना) जे जॉइंट असतात ते रिगिंगसारखेच (पात्राला सांगाडा बसवण्यासारखेच) का?

सुतारपक्षी

विचार उलटा आहे, गंमत तिथेच आहे. रिगमध्ये हाड मुळात बांधलेलं असतं आणि तुम्ही त्याला हालचाल देता. असेंब्लीत सुटा भाग सहा प्रकारे मोकळा असतो, तीन सरकणं आणि तीन वळणं, आणि तुम्ही त्याची हालचाल काढून घेत जाता. दार बिजागरीला लावलं की पाच गेल्या, एक वळण उरलं. घड्याळाचे दात एकमेकांत घुसले असं धागाकर्त्याने लिहिलंय ना? इथे इंटरफिअरन्स तपासायची सोय असते. कुठे किती घुसलं ते रंगवून दाखवते. कॅमेरा कुठे आहे याने काही फरक पडत नाही.

कासवछाप

माझ्याकडे जुन्या मेश ढिगाने पडल्यात. त्या कॅडमध्ये बदलून घ्यायचं बटण असतं म्हणे?

मोजपट्टी

असतं. दाबू नका. प्रत्येक त्रिकोणाचा एक सपाट फेस होतो. हजारो फेसचा दगड मिळतो, त्याला ना व्यास ना अक्ष. मेश मागे ठेवा आणि तिच्यावरून नव्याने स्केच काढा. कॅडमधून कॅडमध्ये फाइल द्यायची असेल तर स्टेप प्रकारची फाइल द्या, तिच्यात गोल गोलच राहतो.

कासवछाप

पण हाताची मूठ, माउसचा आकार असलं काही असेल तर? ते स्केचमधून कसं निघणार?

मोजपट्टी

तिथे तुमची मंडळी आमच्यापेक्षा पुढे आहेत. फ्यूजनमध्ये फॉर्म नावाचा विभाग आहे, मागे टी-स्प्लाइन. तिथे पिंजरा ओढून आकार काढता येतो, जवळजवळ सबडिव्हिजनसारखा, आणि शेवटी त्याचा घन होतो. आमच्यातले बरेच जण त्याला हात लावायला बिचकतात. आत बेअरिंगची जागा स्केचने, बाहेरची मूठ पिंजऱ्याने, अशी सांगड घालता आली तर उत्तम.

फ्रेमवारी

मूक वाचक, आज पहिल्यांदा लिहितेय. मला नोकरीच बदलायची आहे. गेममधल्या वस्तू करते, उत्पादनांच्या डिझाइनमध्ये जायचंय. पोर्टफोलिओत माझे रेंडर (मॉडेलची तयार चित्रं) छान आहेत. ते पुरतील का?

मोजपट्टी

रेंडर दार उघडून देतील, आत बसू देणार नाहीत.

माझ्या सुरुवातीची गोष्ट सांगते. पहिल्या नोकरीत मी एका उपकरणाचं प्लॅस्टिकचं आवरण केलं. भिंती सरळसोट उभ्या, कडा धारदार, बघत राहावं असं. साचे बनवणाऱ्या कारागिराचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, हे साच्यातून बाहेर कसं काढू?" मी भिंतींना उतारच दिला नव्हता. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये उभ्या भिंती एखाद-दोन अंश तिरक्या ठेवतात, म्हणजे भाग साच्यातून न खरवडता सुटतो. ते करून पाठवलं तर पुन्हा फोन. एका जागी भिंत २ मिमी, शेजारी ६. जाड भाग उशिरा थंड होतो, आकसतो, आणि बाहेरून खळगा पडतो. सगळी जाडी सारखी करायला आठवडा गेला. त्यानंतर फोन आला नाही तेव्हा मला शंका आली म्हणून मीच केला.

तेव्हा पोर्टफोलिओत एकच वस्तू ठेवा, पण पूर्ण. चार-पाच भागांची असेंब्ली, प्रत्येक भागाचं ड्रॉइंग, कुठल्या मापाला किती मुभा आणि ती का. सगळ्याच मापांना कडक मुभा दिलेली दिसली तर ओळखणारा लगेच ओळखतो की माणूस नवा आहे. एम३ (३ मिमीच्या) स्क्रूच्या आरपार भोकाला ३.४ लिहा आणि सोडून द्या, तिथे मायक्रॉन मोजू नका. बेअरिंगच्या जागी मोजा. आणि मुलाखतीत समोरच्याला एक माप बदलायला सांगा. मॉडेल लाल झालं नाही की अर्धं काम झालं.

फ्रेमवारी

हे कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. धन्यवाद ताई. उतार शून्य ठेवलेल्या माझ्या सात वस्तू आत्ताच डोळ्यांसमोरून गेल्या.

बुलियनबाबा

लूपकट कुठे गेले? बेअरिंग बसलं का? की दोन्ही हातांनी ठोकताय?

लूपकट

आलो आलो. उशिराबद्दल क्षमस्व.

तो भाग पहिल्यापासून केला. दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते सोपं गेलं. सगळी मापं एका तक्त्यात नावं देऊन लिहिली: बेअरिंग_आतला, बेअरिंग_बाहेरचा, बेअरिंग_जाडी, भिंत, मोकळीक. खांब मध्यापासून मोजले, गोलाई शेवटी. मोकळीक किती ठेवायची ते ठरेना म्हणून २२.०५ पासून २२.२५ पर्यंत पाच नुसत्या कड्या छापल्या. माझ्या प्रिंटरवर २२.१५ ला बेअरिंग अंगठ्याने दाबून बसलं. टक् असा आवाज आला. मी ते चार वेळा काढून घातलं.

मग कळलं की मोटरचा दांडा ८ चा नाही, १० चा आहे. आधी मोजायला हवं होतं, मान्य. ६००० नंबरचं बेअरिंग आणलं: १०, २६, ८. तक्त्यात तीन आकडे बदलले आणि डोळे मिटून एंटर दाबलं. भोक वाढलं, भिंत बाहेर सरकली, उंची वाढली, गोलाई जिथल्या तिथे. लाल काही नाही. आठ वर्षांत एवढा शांतपणे कुठला बदल झाल्याचं आठवत नाही.

फक्त एक खांब नव्या भिंतीत अर्धा शिरलाय. त्याचं अंतर मी तक्त्यात न लिहिता आकडाच टाकला होता, १७. का टाकला ते आठवत नाही. डोळ्याने बरं दिसलं असणार.

मोजपट्टी

१७ पुसा. भिंतीच्या बाहेरच्या त्रिज्येत खांबाची त्रिज्या आणि २ मिळवा.

लूपकट

केलं. सुटला बाहेर.

निळी रेघ

आणि स्केच? काळं झालं का पूर्ण?

लूपकट

एक रेघ निळी आहे. ओढून बघतोय.